करडई तेल

करडईच्या बियांपासून निघणारं खाद्यतेल. मराठवाडा, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकच्या काळ्या रानातलं हे जुनं तेल. करडई (कार्थॅमस टिंक्टोरिअस) सूर्यफुलाच्या कुळातली. रब्बीचं पीक, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, आणि मूळ खोल जात असल्यामुळे पाऊस गेल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवरच येतं. कोवळी असताना पानांची भाजी होते, नंतर मात्र काटे असे की शाळूच्या कडेने करडईचे पाटे टाकले की जनावरं आत शिरत नाहीत. कापणी पहाटे, दवाने काटे नरम असताना, तीही हाताला फडकी गुंडाळून. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नारी-6 हा बिनकाट्याचा वाण काढला, तरी क्षेत्र घटतच गेलं आणि बऱ्याच ठिकाणी हरभरा आला, ही खरंच वाईट गोष्ट झाली.

बीमध्ये साधारण 30 टक्के तेल असतं. घाण्यावरून आणलेलं तेल गढूळ पिवळं दिसतं, एक-दोन दिवस भांडं न हलवता ठेवलं की गाळ तळाला बसतो, मग वरचं निवळ तेल अलगद ओतून घ्यायचं.

आता आरोग्याचं. नेहमीच्या करडई तेलात 70 ते 75 टक्के लिनोलेइक अ‍ॅसिड असतं, म्हणजे ओमेगा-6 प्रकारचं फॅट, आणि सॅच्युरेटेड फॅट जेमतेम 10 टक्के (खोबरेल तेलात तेच 90 च्या आसपास असतं). लिनोलेइक शरीराला स्वतः बनवता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. सॅच्युरेटेड फॅटच्या जागी असं तेल वापरलं की रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' समजलं जाणारं कोलेस्टेरॉल उतरतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय आणि 'हार्टसाठी करडई' ही ख्याती त्यातूनच आली. व्हिटॅमिन ई पण भरपूर.

पण इथेच थांबलं तर अर्धीच माहिती होते. 1966 ते 1973 मध्ये सिडनीत 458 पुरुषांवर एक प्रयोग झाला, सगळे 30 ते 59 वयाचे, नुकताच हार्टचा त्रास होऊन गेलेले. एका गटाला सॅच्युरेटेड फॅट कमी करून त्याजागी करडई तेल आणि त्याचं मार्गारिन (तेल घट्ट करून केलेलं लोण्यासारखं) दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू त्याच गटात जास्त झाले, आणि जुना डेटा पुन्हा तपासून 2013 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला तेव्हा हार्टच्या आजाराने झालेले मृत्यूही त्या गटात जास्त निघाले. त्या मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारं, हार्टला घातक फॅट) असावं असा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे, शिवाय एका प्रयोगावरून करडई वाईट असं म्हणता येत नाही. पण एकाच तेलाला औषध समजून भरपूर ओतणं चूक, एवढं त्यातून नक्की घ्यावं. तेल कुठलंही असो, ग्रॅममागे 9 कॅलरी ठरलेल्या, बैठं काम करणाऱ्याला वरून घ्यायचं तेल-तूप मिळून दिवसाला 20 ते 30 ग्रॅम पुरतं.

दुसरं म्हणजे हे तेल उष्णतेने आणि हवेने लवकर बिघडतं, खवट वास येतो. घाण्याचं तेल तळणीला घेऊ नये, रिफाइंडपेक्षा फार आधी धूर सोडतं, आणि तळून उरलेलं पुन्हा पुन्हा तापवणं तर अजिबात नको. थोडं थोडं आणावं, झाकण घट्ट, उजेडापासून लांब. ओलेइक (लिनोलेइकपेक्षा सावकाश बिघडणारं फॅटी अ‍ॅसिड) जास्त असलेले नवे वाण आहेत, त्यांचं तेल जास्त टिकतं. दुकानातल्या 'हार्ट'वाल्या बाटल्यांत बऱ्याचदा दोन तेलं मिसळलेली असतात, म्हणून लेबल वाचूनच घ्यावं.

करडईत ओमेगा-3 जवळजवळ नसतंच. ते जवसात भरपूर असतं, त्यामुळे भाकरीबरोबर जवसाची चटणी आणि तिच्यावर करडईच्या कच्च्या तेलाची धार, हे जुनं खाणं आजच्या आहारशास्त्रालाही पटेल असंच आहे.