पार्श्वभूमी : काळा कातळ आला कुठून?

शाळा सुटली तरी एक सूत्र डोक्यात राहतं: शिलारस, म्हणजे वितळलेला दगड, जमिनीवर येऊन झटपट गोठला की बेसाल्ट (आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ), जमिनीखाली सावकाश गोठला की ग्रॅनाइट. हे अर्धंच खरं आहे. बेसाल्टचा रस खोलवर कितीही निवांत गोठला तरी त्याचा ग्रॅनाइट होत नाही, गॅब्रो होतो. उलट ग्रॅनाइटचा रस उघड्यावर आला तर रायोलाइट होतो. रस किती वेळात गोठला हा एक प्रश्न, तो मुळात कशाचा होता हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळायला विज्ञानाला जवळपास दीडशे वर्षं लागली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तर दगडाचा विस्तवाशी संबंध आहे हेच अनेकांना मान्य नव्हतं. जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणशाळेत शिकवणारे अब्राहम वर्नर सांगत, की ग्रॅनाइट काय आणि बेसाल्ट काय, सगळे आदिसमुद्राच्या पाण्यातून साकळून खाली बसले. त्यांच्या सॅक्सनीत बेसाल्ट गाळाच्या थरांवर आडवा पसरलेला दिसतो, त्यामुळे म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. त्यांनी सह्याद्रीचे एकावर एक रचलेले थर पाहिले असते, तर ते स्वतःच्या मतावर अधिकच ठाम झाले असते. फ्रान्समध्ये निकोला देमारे यांनी मात्र 1763 मध्येच ओव्हेर्न्य भागात बेसाल्टच्या खांबांचा माग काढत थेट विझलेल्या ज्वालामुखींपर्यंत मजल मारली होती. 1785 मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेन टिल्ट दरीत जेम्स हटन यांना गडद खडकात घुसलेल्या ग्रॅनाइटच्या लालसर शिरा सापडल्या. घुसायचं तर ग्रॅनाइट आधी पातळ असायला हवा, आणि ज्या खडकात तो घुसला त्याच्याहून वयाने लहानही.

विरोधकांकडे एक बिनतोड वाटणारा मुद्दा होता. दगड वितळवून थंड केला तर काच मिळते, दगड नाही. हटन यांचे तरुण मित्र सर जेम्स हॉल यांना तो प्रयोग करून पाहायचा होता, पण भट्टीतल्या चिमूटभर दगडावरून पृथ्वीचं पोट जोखणं हटन यांना पसंत नव्हतं. हॉल त्यांच्या मृत्यूपर्यंत थांबले. मग एडिंबरा परिसरातला काळा दगड त्यांनी ओतकामाच्या भट्टीत वितळवला. झटकन थंड केल्यावर काच झाली. तोच रस हळूहळू निववला, तर पुन्हा स्फटिकांचा दगड! 1798 साली त्यांनी हे विद्वानांपुढे मांडलं. सावकाश निवलं की खडीसाखरेसारखे खडे धरतात, घाईत निवलं की धरत नाहीत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतकं साधं निघालं.

त्यानंतर तीसएक वर्षांनी कंपनी सरकारच्या नोकरीत दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडणाऱ्या कर्नल विल्यम साइक्स यांनी इथल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या डोंगरांचं वर्णन लंडनच्या भूवैज्ञानिकांपुढे ठेवलं. इतका लाव्हा, पण त्याला साजेसा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी कुठेच नाही. कारण लाव्हा आला तो जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून. धुळे-नंदुरबारकडे मैलोन्‌मैल सरळ जाणाऱ्या दगडी भिंती दिसतात, त्या म्हणजे अशा भेगांमध्येच गोठलेला रस. आज या बेसाल्टने सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे.

रस आला कुठून? पायाखाली पातळ लाव्ह्याचा समुद्र उसळत असतो, अशी कल्पना अजूनही अनेकांची असते. प्रत्यक्षात प्रावरण, म्हणजे कवचाखालचा पृथ्वीचा जाड थर, तप्त असलं तरी घन आहे. वरच्या दाबामुळे ते वितळू शकत नाही. ते वर सरकलं की दाब घटतो आणि उष्णता न वाढताही त्याचा थोडा भाग वितळतो. जपानमध्ये किंवा अँडीजमध्ये कारण निराळं: खाली घुसणाऱ्या सागरी भूपट्टाबरोबर पाणी जातं आणि पाण्यामुळे खडक कमी तापमानाला वितळतो. आपल्याकडे दाब घटल्याने झालं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट हिंदी महासागरातल्या एका उष्णस्थळावरून, म्हणजे खालून तप्त प्रावरण वर येतं अशा जागेवरून, सरकत होता. ते स्थळ आज रेयुनियों बेटाखाली आहे आणि अजून जागं आहे.

हॉल यांचा धडा इथल्या प्रत्येक थरात वाचता येतो. मधला भाग सावकाश गोठला, तो घट्ट काळा पाषाण. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे पाण्यातून आलेल्या झिओलाइटसारख्या खनिजांनी ती भोकं भरली. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो हा खडक. काही ठिकाणी थर आकसताना तडे जाऊन खांब झाले, अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीसारखे. सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या काही थरांत तर बोटभर लांबीचे पांढरट फेल्डस्पारचे स्फटिक आहेत. ते उघड्यावर वाढणं शक्यच नाही. रस आधी खोल कोठीत मुक्कामाला होता, तिथे स्फटिक वाढले, आणि मग त्यांच्यासकट तो वर आला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत नॉर्मन बोवेन यांनी दिलं. बहुतेक खडक ज्यांचे बनलेले असतात त्या सिलिकेट खनिजांचे छोटे नमुने ते ठराविक तापमानाला ठेवत आणि पाऱ्यात टाकून क्षणात गोठवत, म्हणजे त्या घडीला कोणते स्फटिक तयार होते ते पकडता येई. 1915 पर्यंत क्रम स्पष्ट झाला: ऑलिव्हिन आधी, मग पायरोक्सिन, क्वार्ट्झ अगदी शेवटी. पहिले जड स्फटिक तळाला बसले की उरलेल्या रसात सिलिकाचं, म्हणजे वाळूत असतं त्या द्रव्याचं, प्रमाण वाढत जातं. मुंबईतल्या गॉथिक इमारतींना पिवळसर रंग देणारा मालाडचा दगड ट्रॅकाइट आहे, आजूबाजूच्या काळ्या बेसाल्टहून जास्त सिलिकाचा. इथला सगळा रस काही एकाच घाण्यातून निघालेला नाही.

पण या वाटेने ग्रॅनाइट थोडाच मिळतो, आणि खंडांवर तर तो अफाट आहे. बोवेन यांनी स्वतःच सहकारी टटल यांच्यासोबत केलेल्या, 1958 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दाखवलं, की पाणी असेल तर ग्रॅनाइटी द्रव्य बऱ्याच कमी तापमानाला वितळतं. म्हणजे खंडाचं कवचच वितळून ग्रॅनाइट होऊ शकतो. आपला ग्रॅनाइट दख्खनच्या लाव्ह्याचा कोणी लागत नाही. गोव्यात काणकोणला तो उघडा आहे. किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर छिद्र घेतलं तेव्हा 338 मीटर बेसाल्ट आणि थोडा गाळ ओलांडल्यावर ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला, अब्जावधी वर्षं जुना.

बेसाल्टचं वय काढताना हाच सिलिकाचा मुद्दा आडवा आला. अचूक कालमापनाला लागणारे झिरकॉन या खनिजाचे स्फटिक कमी सिलिकाच्या बेसाल्टमध्ये सहसा होत नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने ते थरांमधल्या विटकरी पट्ट्यांत शोधले, जिथे जास्त सिलिकाच्या उद्रेकांची राख पडली होती. तिथल्याच बर्कलीच्या गटाने खडकातल्या आर्गॉन वायूचं मोजमाप करून थेट बेसाल्टचंच वय काढलं. 2019 मध्ये दोघांचे निष्कर्ष एकदमच प्रसिद्ध झाले. बहुतेक लाव्हा 10 लाख वर्षांच्या आत ओतला गेला यावर एकमत आहे. डायनोसॉर संपवणाऱ्या अशनीच्या आधी त्यातला किती आला आणि नंतर किती, यावर मात्र दोघांचे आकडे जुळत नाहीत: प्रिन्स्टनला आघाताच्या जरा आधी एक मोठा लोंढा दिसतो, तर बर्कलीच्या मते बहुतांश लाव्हा आघातानंतरचा आहे.