रातचे आवाज (विदर्भातील लोकसमजुती)

वऱ्हाड, झाडीपट्टी आणि मेळघाटातील खेड्यांत अंधारात ऐकू येणारे, पण ज्यांचा धनी दिसत नाही असे आवाज, त्यांच्याभोवती जमलेल्या समजुती आणि त्यांची संभाव्य कारणे यांविषयीची ही नोंद आहे. या समजुती चावडीपेक्षा जागलीवर जास्त घडल्या. तूर, चणा किंवा ज्वारी उभी असताना रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक राखायला शेतकरी मचाणावर रात्र काढतो, तिला जागल म्हणतात. तिथे डोळ्यांपेक्षा कान कामाचे. जागलीची माणसे आवाज ओळखताना सहसा चुकत नाहीत. चूक झालीच तर तो आवाज का झाला हे सांगताना होते.

सर्वांत धास्ती भालूची. हिंदीत भालू म्हणजे अस्वल, त्यामुळे नवख्या माणसाचा इथे हमखास घोळ होतो. मराठीत भालू म्हणजे कोल्ही, त्यातही म्हातारी. नेहमीची कोल्हेकुई एकाने सुरू करायची आणि बाकीच्यांनी उचलून धरायची, अशी असते. भालूचे ओरडणे मात्र एकटीचे, घोगरे, मध्येच तुटणारे. ती गावाच्या शिवेवर ओरडली की गावात मौत होते किंवा साथ येते, असे मानतात. जंगलात वावरणाऱ्यांना हा आवाज वेगळ्या कारणाने ठाऊक आहे: वाघ किंवा बिबट्या जवळपास असला की कोल्हा असा ओरडतो. ताडोबा, नागझिरा, पेंच आणि मेळघाट ज्या मुलखात आहेत तिथे ‘भालू ओरडली की बाहेर पडू नये’ हा सल्ला म्हणजे अंधश्रद्धा नव्हे, शहाणपणच. साथीचा भाग बहुधा उलटा वाचला गेला असावा. पटकीच्या दिवसांत प्रेते घाईघाईने उथळ पुरली जात आणि त्यांच्या वासाने कोल्हे गावठाणापर्यंत येत, हे सहज शक्य आहे. मरीमायची धास्ती घेतलेल्या गावाने मग कोल्ह्यालाच तिचा निरोप्या ठरवले असेल.

टिटवीचेही असेच. ती जमिनीवर अंडी घालते, त्यामुळे रात्री कुत्रे, कोल्हा किंवा माणूस जवळून गेला तरी कल्ला करते. घरावरून टिटवी ओरडत गेली की बाया कडाकडा बोटे मोडतात. जागलीवाला मात्र तिच्या ओरडण्यावरून चोर कोणत्या धुऱ्याने (बांधाने) येतो आहे ते ताडतो. घुबडाला ढेकूळ मारू नये, असे लहानपणीच बजावलेले असते: ते ढेकूळ उचलून पाण्यात टाकते आणि ढेकूळ विरघळेल तसतसा मारणारा झिजत जातो. काळ्या मातीचे ढेकूळ पाण्यात किती लवकर विरते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या धमकीचे वजन कळेल. पडक्या वाड्यात ‘कोणीतरी घोरते’ अशी तक्रार असली तर तिथे गव्हाणी घुबडाचे घरटे आहे का ते आधी पाहावे. त्याची पिल्ले खाणे मागताना रात्रभर घोरल्यासारखा फुसफुसता आवाज काढतात.

पिंगळा हे एका लहान घुबडाचेही नाव आहे आणि पहाटे दारी येणाऱ्या भविष्यवाल्याचेही. कंदील आणि कुडमुडे घेऊन तो उजाडण्याआधी फिरतो आणि पिंगळा पक्ष्याने सांगितलेले आपण सांगतो, असा त्याचा दावा असतो. म्हणजे ज्या आवाजाने घर घाबरते, त्याच आवाजाचा दुभाषा सूपभर धान्यावर समाधान मानून पुढे जातो. मेळघाटातला रानपिंगळा या प्रकरणात निर्दोष आहे. १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये खानदेशात पुन्हा सापडलेला हा दुर्मीळ पक्षी मुख्यतः दिवसाच वावरतो.

हडळीच्या पैंजणांना दोन तरी उमेदवार आहेत. एक साळिंदर. त्याच्या शेपटीचे काटे पोकळ असतात आणि चालताना किंवा बिथरल्यावर ते खुळखुळतात. दुसरा, वाळलेल्या शेंगा. ताग आणि त्याच्या जातीच्या रानटी खुळखुळ्याच्या शेंगांत बिया सुट्या होतात आणि वारा आला की घुंगरासारख्या वाजतात. चैत्रात मोहाखाली कोणी पावले टाकीत असल्याचा भास होतो, तो गळणाऱ्या मोहफुलांचा. फुले उत्तररात्रीपासून पडू लागतात. अर्थात त्याच वेळी मोहावर अस्वलही येते, म्हणून ‘फुलंच असतील’ म्हणून उठून जाऊ नये.

पहिल्या हाकेची समजूत विदर्भात घरोघर आहे. रात्री बाहेरून नावाने हाक आली तर ‘ओ देऊ नोको’; तिसऱ्यांदा आली तरच माणसाची समजावी. झोप लागता लागता किंवा मोडता मोडता मेंदू अर्धा जागा असताना आवाज ऐकू आल्याचा भास होतो, आणि त्यात स्वतःचे नाव ऐकू येणे अगदी सामान्य आहे. असा भास सहसा एकदाच होतो आणि माणूस पुरता जागा झाला की विरतो. तीन हाकांची अट भासाला गाळून खऱ्या माणसाला आत घेते. दरोड्याच्या भीतीने दार लवकर न उघडण्याची सवयही त्यात मिसळली असेल.

दूरवरून येणारी वाजंत्री, म्हणजे ‘भुतांची वरात’, हा हवेचा खेळ आहे. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते आणि आवाज वर वळून विरतो. थंडीच्या निरभ्र, निवांत रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि उबदार हवेचा थर वर राहतो. तापमानाच्या दर अंशामागे आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, म्हणून वर निघालेला आवाज त्या थरातून खाली वाकतो आणि कोसभर दूर उतरतो. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्रभर नाटके आणि दंडारी (लोकनाट्याचा एक प्रकार) चालतात; हंगाम नेमका याच रात्रींचा. ज्या गावी नाटक नाही, तिथे ढोलकी ऐकू येते.

घरातला आवाज छपराचा असू शकतो. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला दहा फुटी टिनपत्रा रात्रीपर्यंत २५ अंशांनी निवला तर जवळपास एक मिलिमीटर आखडतो. खिळा अडवतो आणि मग ‘कट्’ असा दणका बसतो. पत्र्यावर खरोखर दगड पडत असतील तर प्रकरण वेगळे. भानामती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा प्रकारांत घरातल्याच माणसाचा हात असतो, असे श्याम मानव यांनी १९८२ मध्ये नागपुरात स्थापन केलेली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सांगत आली आहे. भानामतीच्या नावाखाली एखाद्याला जादूटोणा करणारा ठरवून छळणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

काही आवाज मात्र खरोखर जमिनीखालून येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या धारणी तालुक्यातील साद्राबाडी परिसरात स्फोटासारखे आवाज आणि हादरे यांचे सत्र सुरू झाले, तेव्हा ते लहान भूकंपांचे असल्याचे आढळले. अशा उथळ भूकंपाची पहिली लहर खडकातून वर येते आणि जमीन ढोलाच्या चामड्यासारखी थरथरवते. थरथर इतकी बारीक असू शकते की फळीवरचे भांडेही वाजत नाही, फक्त लांब कुठेतरी सुरुंग उडाल्यासारखे ऐकू येते.