बाटलीत व्हिस्की मुरत नाही हो काका!
दादर-पार्ल्याकडे हा डायलॉग हमखास ऐकू येतो, "१२ वर्षांची सिंगल माल्ट, घरी १० वर्षं जपून ठेवलीय, म्हणजे आता २२ ची झाली की!" नाही झाली. व्हिस्की लोणच्यासारखी बरणीत मुरत नाही, ती मुरते ओकच्या पिंपात, लाकडातनं रंग, व्हॅनिला, मसाल्याचा वास घेत, आणि बाटलीत भरली की वय तिथंच थांबलं. आणि लेबलवरचा आकडा आतल्या सगळ्यात कमी वयाच्या व्हिस्कीचा असतो. उलट अर्धी बाटली वर्षानुवर्षं पडून राहिली तर हवेनं चव उतरते, आडवी ठेवलीत तर अल्कोहोलनं बूच खराब होतं, आणि मुंबईच्या उकाड्यात खिडकीपाशी तर नकोच.

तेव्हा उघडा आता! आधी नुसता वास, मग एक घोट, मग चार थेंब साधं पाणी टाकून परत, बर्फाचा डोंगर नको, वास दबतो. सोबत शेजवान चटणी घेऊन बसलात तर ३० वर्षांची काय नि ३ ची काय, जिभेला सगळं सारखंच. शेरीच्या, म्हणजे एका स्पॅनिश वाइनच्या, पिंपातली असेल तर खजूर, अक्रोड, डार्क चॉकलेट. स्कॉटलंडच्या आयला (Islay) बेटावरची धुरकट असेल तर कालवं, तिकडे हीच जोडी चालते, आपल्याकडे मात्र कोळणीकडनं आणून तव्यावर परतून, मसाला अगदी बेताचा.