एक जूनचे वाढदिवस आणि मुंबईची वजाबाकी

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक व्हिडिओ फिरतो. लाल आकडे भराभर पळतायत आणि खाली लिहिलंय, ‘मुंबई फुटणार!’ हे ‘लोकसंख्येचं घड्याळ’ कुणालाही मोजत नसतं. जुन्या आकड्याला अंदाजाचा वेग लावून मीटर टाकून दिलेलं असतं, इतकंच. रिक्षा सिग्नलला उभी असली तरी मीटर पळतंच.

मोजलेले आकडे काय म्हणतात? कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्यात २००१ साली ३३ लाख ३८ हजार माणसं होती. २०११ साली उरली ३० लाख ८५ हजार. उपनगर जिल्हा सव्वाआठ टक्क्यांनी वाढला, पण दोन्ही मिळून बृहन्मुंबईची दशकातली वाढ जेमतेम ३.९ टक्के. त्याच दहा वर्षांत अख्खा महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा, पालघर वेगळा होण्याआधीचा, तब्बल ३६ टक्क्यांनी. १९५१ साली बृहन्मुंबईतल्या चारांपैकी तीन जण बेटावर, म्हणजे या शहर जिल्ह्याच्या भागात, राहत होते. २०११ साली चारांपैकी एक.

मग संध्याकाळी दादरच्या पुलावर चेंगरतं कोण? ती माणसं इथे कामाला येतात आणि झोपायला विरार-डोंबिवलीला जातात. जनगणना माणसाला त्याच्या राहत्या घरी मोजते, पुलावर नाही.

आता एक साधा हिशेब. त्या दशकात बेटावर मृत्यूंपेक्षा जन्म जास्तच होते. तरीही अडीच लाख माणसं कमी भरली. म्हणजे आलेल्यांपेक्षा गेलेले अडीच लाखांहून बरेच जास्त असणार. पण गेलं कोण, म्हातारे की तरणे? हे शोधायची जी युक्ती आहे तिच्यावर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एखाद्या वॉर्डात २००१ साली १५ ते १९ वयाची दहा हजार मुलं-मुली होती असं समजा. २०११ साली हीच मंडळी २५ ते २९ वयोगटात सापडली पाहिजेत. या वयात मृत्यू थोडे. हजारी १५ जण दगावले असं धरलं तर ९,८५० उरायला हवेत. मोजणीत निघाले १३,०००. वरचे ३,१५० बाहेरून आले! आता दुसरं टोक बघा. पन्नाशीच्या पुढचे, ५० ते ५४ वयाचे ६,००० होते. दहा वर्षांत शंभरातले बारा गेले तर ५,२८० उरायला हवेत. सापडले ४,३००. म्हणजे जवळजवळ हजार जणांनी घर बदललं. कुणालाही ‘तुम्ही कुठून आलात’ असं न विचारता, नुसत्या वयाच्या दोन रकान्यांच्या वजाबाकीतून हे कळतं. स्थलांतरितांच्या शहराचा लोकसंख्येचा मनोरा, म्हणजे वयोगटांच्या पट्ट्या एकावर एक रचून काढलेली आकृती, पंचविशी-तिशीला पोट सुटल्यासारखा का दिसतो, तेही इथेच उलगडतं. त्यात मेख एवढीच की उत्तर निव्वळ मिळतं. ५,००० आले आणि १,८५० गेले, तरी हाती ३,१५०च लागतात.

पण ‘हजारी १५’ आणायचे कुठून? इथे खरी गंमत आहे. ते प्रमाण देशाच्याच जनगणनेतून काढतात. २००१ मध्ये देशात १५-१९ वयाचे जितके, त्यातले २०११ मध्ये २५-२९ वयाचे किती राहिले, तो भागाकार. देशाच्या मानाने परदेशी जाणारे किरकोळ, त्यामुळे ही घट मृत्यूंची धरता येते. आणि त्या भागाकारात आणखी एक गोष्ट गुपचूप शिरलेली असते, आपण सांगतो ती खोटी वयं.

खोटी म्हणजे लबाडीने नव्हे. माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जूनचा. त्यांच्या दोन भावांचाही आणि चुलत्याचाही. शाळेत नाव घालताना मास्तरांनी पोराचा अंगलोट पाहिला आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकून दिली. (रोजच्या पेपरात जन्मतारखेवरून भविष्य वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की महाराष्ट्रातली कितीतरी माणसं ग्रहांनी नव्हे, मास्तरांच्या टाकाने मिथुन राशीत ढकललेली आहेत.) ज्यांच्याकडे दाखलाच नाही ते सांगतात ‘असेल चाळीस’, ‘साठीचा धरा’. म्हणून वयाच्या तक्त्यात ३०, ३५, ४०, ४५ वर सुळके उभे राहतात आणि ३९, ४१ वर खड्डे. हे सुळके मोजायला व्हिपल निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ वयाच्या लोकांत शून्य किंवा पाचने संपणारं वय सांगणारे किती, त्याची पाचपट करून एकूण संख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं. सगळे नेमकं बोलले तर साधारण १००, सगळ्यांनीच गोल आकडा सांगितला तर ५००.

मग अशा कच्च्या वयांवर वजाबाकी टिकते कशी? कारण दोन जनगणनांत दहा वर्षं असतात. ‘तीस’ म्हणणारा पुढच्या खेपेला ‘चाळीस’ म्हणतो. सुळक्यावरचा माणूस सुळक्यावरच राहतो. देशाच्या भागाकारात जी चूक, तीच वॉर्डातही, आणि दोन्ही बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात.

आणि इथेच आता पंचाईत आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ ही तारीख धरून व्हायची आहे, म्हणजे २०११ नंतर १६ वर्षांनी. तेव्हा ‘वीस’ म्हणालेला आता ३६ चा असायला हवा, पण तो सांगणार ‘पस्तीस’. ३६ ते ४० च्या गटात आपण त्याला शोधत राहणार आणि तो एक घर अलीकडे बसलेला. सुळका सुळक्यावर बसणार नाही. अशी वयं गुळगुळीत करायची सूत्रं आहेत, पण नुसती वजाबाकी पुरणार नाही.

माझी आत्या गिरगावात चाळीत राहते. तिची मुलं बोरिवलीला आणि बदलापूरला गेली, मजल्यावरच्या बारा खोल्यांपैकी पाचांना कुलूप आहे. २०११ साली प्रगणकाला तिने वय सत्तर सांगितलं होतं. परवा विचारलं, आता मोजायला आले तर काय सांगशील? म्हणाली, “पंच्याऐंशी लिही म्हणावं.” शहाऐंशी होतात म्हटलं, तर म्हणे, “एकाने काय होतंय?”