गुण मांडणीत असतात: क्वालिटी अ‍ॅट्रिब्यूट्सची पार्श्वभूमी

डिसेंबर १९७२ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या संगणकशास्त्राच्या नियतकालिकात संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांचा सहा पानी निबंध आला. पार्नास तेव्हा पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात होते. उदाहरण साधं होतं. काही ओळी घ्यायच्या, प्रत्येक ओळीतला पहिला शब्द उचलून शेवटी टाकत तिची सगळी रूपं तयार करायची आणि ती अकारविल्हे लावून छापायची. हाच प्रोग्रॅम त्यांनी दोन प्रकारे विभागून दाखवला. पहिल्या प्रकारात कामाच्या टप्प्यांप्रमाणे मोड्यूल (प्रोग्रॅमचे वेगळे भाग) होती: वाचा, फिरवा, क्रम लावा, छापा. त्या काळी रीत तीच होती. दुसऱ्यात प्रत्येक मोड्यूलने एकेक निर्णय स्वतःच्या पोटात ठेवला होता. ओळी मेमरीत कशा साठवल्यात हे एकाच मोड्यूलला ठाऊक. दोन्हींचं आउटपुट सारखंच. पण साठवण्याची पद्धत बदलायची म्हटली, की पहिल्या मांडणीत जवळजवळ प्रत्येक मोड्यूलला हात लावावा लागे, दुसऱ्यात फक्त एकाला.

सिस्टिम काम करते, पण किती जलद, किती सुरक्षित, बदलायला किती सोपी, अशा गुणांना पुढे क्वालिटी अ‍ॅट्रिब्यूट म्हणू लागले; त्याचं बीज इथे स्पष्ट दिसतं. सिस्टिम काय करते हे पाहून ती बदलायला सोपी की अवघड हे सांगता येत नाही; ते आतल्या रचनेवर ठरतं. आणि पार्नास यांनी त्याची किंमतही झाकून ठेवली नाही. दुसरी मांडणी काळजी न घेता कोडमध्ये उतरवली, तर मोड्यूलांनी एकमेकांना सतत काम सांगण्यामुळे (कॉल्समुळे) ती पहिलीपेक्षा बरीच हळू चालेल, हा इशारा त्याच निबंधात आहे. ट्रेड-ऑफची, म्हणजे एक गुण मिळवताना दुसरा किती गमवायचा याची, चर्चा करताना आजही आपण वेगळं काही बोलत नाही.

दुसरा प्रवाह सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांच्या बाजूने आला. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत, मोठे प्रकल्प वेळेत आणि खर्चात बसत नाहीत, ही तक्रार उघडपणे मांडली गेली. पुढे १९७६ मध्ये टीआरडब्ल्यू कंपनीतल्या बॅरी बोहम आणि सहकाऱ्यांनी गुणवत्ता मोजण्यासाठी गुणांची एक उतरंड मांडली. १९७७ मध्ये जिम मॅकॉल यांच्या जनरल इलेक्ट्रिकमधल्या गटाने अमेरिकी हवाई दलासाठी ११ घटकांची यादी दिली. तिचे तीन गट होते: सॉफ्टवेअर चालवताना लागणारे गुण, दुरुस्त करताना लागणारे आणि दुसऱ्या ठिकाणी नेताना लागणारे. कोणता घटक कोणाच्या आड येतो, याचाही विचार त्यात होता. दुर्दैवाने पुढच्या पिढ्यांनी यादी तेवढी उचलली.

१९९१ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ९१२६ या मानकाने सहा गुण निश्चित केले. त्यात सिक्युरिटी (घुसखोरीपासून संरक्षण) स्वतंत्र नव्हती, फंक्शनॅलिटी (हवं ते काम करणं) या गुणाखालचा एक उपगुण होती. २०११ च्या आयएसओ २५०१० मध्ये गुण आठ झाले आणि सिक्युरिटीला स्वतःची जागा मिळाली. सेफ्टीला (माणसाला इजा न होण्याला) तर २०२३ च्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागलं. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांची मात्रा दिली होती आणि काहींचा त्यात जीव गेला. जुन्या मॉडेलमधले हार्डवेअरचे इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र अडवणारी सोय) या यंत्रात काढून ती जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकली होती. मानकं किती संथ चालतात, ते या तारखांवरून दिसतं.

पण खरं वळण यादीबाहेर आलं. कार्नेगी मेलनमध्येच १९८४ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली होती. नव्वदच्या दशकात रिक कॅझमन, तिथले लेन बास आणि सहकारी यूजर इंटरफेसच्या आर्किटेक्चरांची (आतल्या रचनांची) तुलना करत होते. बदलायला सोपं असल्याचा दावा सहज करता येतो. पण कोणता बदल, हे विचारलं की तो चाचपता येतो. म्हणून त्यांनी विशेषणं बाजूला ठेवून प्रसंग, म्हणजे सिनॅरिओ, लिहायला घेतले. १९९४ मध्ये मांडलेली साम (SAAM) ही आर्किटेक्चर तपासण्याची पद्धत अशा सिनॅरिओंवर उभी आहे. तिच्यातूनच पुढे अ‍ॅटॅम (ATAM) ही ट्रेड-ऑफ तपासणारी पद्धत आली. तिच्यात ग्राहक, डेव्हलपर, ऑपरेशन्सवाले असे सगळे एकत्र बसून सिनॅरिओंना मतं देतात, आणि एका निर्णयामुळे कोणते दोन गुण विरुद्ध दिशांना ओढले जातात ते शोधतात.

सिनॅरिओला सहा भाग असतात: उत्तेजन कुठून आलं, ते काय होतं, सिस्टिमच्या कोणत्या भागावर, कोणत्या परिस्थितीत, प्रतिसाद काय आणि त्याचं माप काय. आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण घ्या. सकाळी १० वाजता एसी तत्काळ उघडतं आणि लाखो प्रवासी एकाच मिनिटात बुकिंगवर तुटून पडतात. अशा वेळी ९५ टक्के बुकिंगना ५ सेकंदांत उत्तर मिळालं पाहिजे, असं समजा ठरवलं. हा आकडा माझा, पण तो लिहिला की लगेच रचनेचे प्रश्न उभे राहतात. गाड्या शोधणाऱ्यांचा भार बुकिंगच्या सर्व्हरपासून वेगळा काढायचा का? पैसे कापले गेले पण तिकीट निघालं नाही, तर कोणता भाग ते निस्तरणार? ‘सिस्टिम जलद असावी’ या वाक्यातून यातला एकही प्रश्न निघत नाही.

तरीही तेच वाक्य टेंडरांमध्ये आजही सर्रास सापडतं, सुरक्षित, विस्तारक्षम आणि वापरायला सोपी यांच्या शेजारी. नेमका आकडा असतो तो बहुधा अपटाइमला (सिस्टिम किती वेळ चालू राहिली याला), कारण त्यावर दंड लावता येतो.