वितरित डेटाबेसची उपलब्धता-देखरेख

वितरित डेटाबेसची उपलब्धता-देखरेख : अनेक यंत्रांवर वाटून आणि प्रती करून ठेवलेला डेटाबेस मागेल त्या क्षणी वाचता-लिहिता येतो आहे का, हे अखंड तपासत राहण्याची आणि येत नसेल तर योग्य माणसाला वेळेत उठवण्याची व्यवस्था. तपासणीच्या भागाला मॉनिटरिंग आणि उठवण्याच्या भागाला अलर्टिंग म्हणतात. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर इथल्या कचेऱ्यांत हे रोजचे काम आहे. तिथल्या बोलीत यंत्र ‘पडते’, फोनवर ‘पेज येतो’ आणि ज्याची पाळी असेल तो त्या आठवड्यात ‘ऑन-कॉल’ असतो.

एकाच यंत्रावरचा डेटाबेस चालू असतो किंवा बंद असतो. वितरित डेटाबेस अर्धवट बंद पडतो, आणि देखरेखीची सगळी अडचण या अर्धवटपणात आहे. समजा, कॅसँड्रासारख्या डेटाबेसचे १ ते ६ असे सहा नोड, म्हणजे यंत्रे, वर्तुळात मांडले आहेत. प्रत्येक नोडकडे डेटाचा एक पल्ला, म्हणजे तुकडा, आहे आणि त्याच्या प्रती पुढच्या दोन नोडवर आहेत, म्हणजे दर पल्ल्याच्या तीन प्रती. वाचायला-लिहायला तिघांपैकी दोघांचे उत्तर, म्हणजे क्वोरम, लागतो. आता नोड १ आणि नोड ४ पडले, तर एकाही पल्ल्याच्या दोन प्रती गेलेल्या नसतात आणि ग्राहकाला काही जाणवत नाही. नोड १ आणि नोड २ पडले, तर सहापैकी दोन पल्ल्यांचा क्वोरम मोडतो आणि त्या पल्ल्यांतल्या ग्राहकांसाठी डेटाबेस पूर्ण बंद असतो. दोन्ही वेळा डॅशबोर्डवर मजकूर एकच येतो : ‘दोन नोड डाउन’. (एकाच यंत्राकडे अनेक छोटे पल्ले देण्याची रीत वापरली असेल, तर इतका स्वच्छ हिशेब राहत नाही, बहुतेक कोणत्याही जोडीचा एखादा पल्ला सामाईक निघतो.) म्हणून नोड मोजण्याऐवजी क्वोरम गमावलेले पल्ले मोजावेत. कॉक्रोचडीबी या अशाच डेटाबेसात पल्ल्याला रेंज म्हणतात आणि तिथे ‘अनुपलब्ध रेंज’ आणि ‘कमी प्रतींच्या रेंज’ असे दोन आकडे वेगवेगळे मिळतात. पहिला शून्याच्या वर गेला तर माणूस उठवावा, दुसरा सकाळपर्यंत थांबू शकतो.

क्वोरमचे गणित कागदावर फार आश्वासक दिसते. प्रत्येक नोड ९९ टक्के वेळ चालू असेल, तर तिघांपैकी किमान दोघे चालू असण्याची शक्यता ९९.९७ टक्के येते. तिघेही लागणार असतील तर ती ९७.०३ पर्यंत घसरते. पण यात नोड एकमेकांपासून स्वतंत्रपणे पडतात असे धरलेले आहे. तिन्ही नोड एकाच रॅकमध्ये, म्हणजे यंत्रांच्या एकाच कपाटात, एकाच नेटवर्क-स्विचवर असतील तर हे गणित फाडून टाकलेले बरे.

काय मोजावे

पावसाळ्यात पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासल्यात किती टीएमसी पाणी आहे, हे आकडे ज्याला हवेत तो पाहतो. डेक्कनवरचा माणूस एकच विचारतो : मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला का? सीपीयू, मेमरी, डिस्क हे धरणसाठ्याचे आकडे आहेत. ‘लेखन अपयशी होत आहे’ हा भिडे पूल आहे. रात्री फोन वाजवण्याचा अधिकार शक्यतो भिडे पुलालाच द्यावा. धरणसाठा पाहूच नये असा याचा अर्थ नाही. डिस्क चार दिवसांत भरणार असेल तर ते आधी कळायलाच हवे, पण त्यासाठी दिवसाचे तिकीट, म्हणजे कामाच्या वेळात पाहायची नोंद, पुरते.

सर्वांत भरवशाचे मोजमाप म्हणजे बाहेरून केलेली कृत्रिम तपासणी. दर काही सेकंदांनी प्रत्येक शार्डमध्ये, म्हणजे डेटाच्या प्रत्येक तुकड्यात, ताज्या वेळेची एक ओळ लिहायची आणि दुसऱ्या नोडमार्फत ती परत वाचायची. इथे एक चूक वारंवार होते. मुख्य ॲप क्वोरमने वाचते-लिहिते आणि तपासणीची स्क्रिप्ट मात्र एकाच प्रतीच्या उत्तरावर समाधान मानते. मग क्वोरम मोडला तरी स्क्रिप्ट हिरवीच राहते. दुसरी चूक सरासरीची. शंभर शार्डपैकी एक मेला तर एकूण यश ९९ टक्के दिसते, पण त्या शार्डमधल्या प्रत्येक ग्राहकासाठी ते शून्य असते. यशाचे प्रमाण शार्डवार काढावे.

तपासणी डेटाबेसच्याच इमारतीतून करू नये. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेचा ‘मध्य भारत’ विभाग २०१५ पासून पुण्यातच आहे आणि ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसचा मुंबई विभाग २०१६ चा. डेटा पुण्यात असेल तर निदान एक तपासनीस मुंबईहून हाक मारणारा असावा. नेटवर्क दुभंगले की प्रत्येक बाजूला समोरचीच बाजू मेलेली वाटते, त्यामुळे एकाच बाजूला उभा असलेला तपासनीस अर्धेच खरे सांगतो.

याचे गाजलेले उदाहरण गिटहब या प्रोग्रॅम साठवण्याच्या सेवेचे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी २२:५२ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला), म्हणजे पुण्यातल्या घड्याळात २२ तारखेच्या पहाटे ४:२२ ला, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा त्यांचा एक नेटवर्क दुवा देखभालीच्या कामात ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात आपोआप नेतृत्वबदल होऊन, म्हणजे लेखन स्वीकारणारी मुख्य प्रत बदलून, लेखन पश्चिम किनाऱ्यावर वळले आणि दोन्ही किनाऱ्यांवर परस्परांकडे न पोचलेल्या नोंदी उरल्या. अलर्ट दोन मिनिटांत वाजू लागले. सेवा पूर्ववत व्हायला मात्र २४ तास ११ मिनिटे लागली. ४४ व्या सेकंदाला दुवा जोडलेला होता. बिघाड यंत्रे बंद असण्यात नव्हताच. म्हणून नेता कोण आहे, तो कितीदा बदलला आणि प्रती किती मागे आहेत, यांवरही पहारा लागतो.

किती थांबून वाजवावे

नोड एका ठोक्याला गप्प राहिला म्हणून मेला असे होत नाही. कॅसँड्रातले नोड दर सेकंदाला एकमेकांशी ‘गॉसिप’ करतात आणि उशिराच्या प्रमाणात संशय वाढवत नेतात. हायाशिबारा व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेली ही फाय पद्धत. संशयाच्या आकड्याची मूळ मर्यादा ८ असते; ती ओलांडली की नोड मेला असे धरतात.

अलर्टचे थांबणे मात्र माणसे ठरवतात आणि बेरीज करायला विसरतात. प्रोमिथियस हे २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये सुरू झालेले आणि २०१६ पासून सीएनसीएफ या क्लाउड-साधनांच्या संस्थेत असलेले साधन या कामात सर्रास दिसते. त्यात काहीच बदलले नाही तर आकडे दर मिनिटाला गोळा होतात आणि नियमही दर मिनिटाला तपासला जातो. नियमात ‘पाच मिनिटे सलग’ अशी अट घालण्याची सवय आहे. त्यावर अलर्टमॅनेजर, म्हणजे निरोप पाठवणारा भाग, गटवारीसाठी ३० सेकंद थांबतो. म्हणजे बिघाड झाल्यापासून फोन वाजेपर्यंत साडेसात मिनिटेही जाऊ शकतात. आता ग्राहकाशी केलेला उपलब्धतेचा करार पाहा. ३० दिवसांत ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे ४३.२ मिनिटे बंद राहण्याची सूट, ९९.९९ म्हणजे ४.३२ मिनिटांची. चार नऊचा शब्द दिलेल्या सेवेची महिन्याची सूट फोन वाजण्याआधीच संपलेली असते. असा शब्द देणाऱ्याने माणसावर विसंबू नये. दुरुस्ती आपोआप व्हावी लागते.

९९.९ साठी सूट किती वेगाने खर्च होते आहे, यावर अलर्ट लावण्याची पद्धत चांगली. गूगलच्या एसआरई, म्हणजे सेवांची विश्वासार्हता सांभाळणाऱ्या, चमूने प्रसिद्ध केलेल्या सूत्रानुसार, सूट बरोबर महिनाभर पुरेल त्या वेगाच्या १४.४ पटीने खर्च तासभर चालला तर महिन्याची २ टक्के सूट संपते, आणि तेव्हा माणूस उठवावा. म्हणजे तासाभरात शंभरातल्या १.४४ विनंत्या फसल्या तर. सोबत पाच मिनिटांची छोटी खिडकीही तपासतात, म्हणजे बिघाड मिटल्यावर अलर्ट उगाच रेंगाळत नाही.

निरोप कसा असावा

‘नोड-७ सीपीयू ९१%’ या निरोपाने झोप मोडलेल्या माणसाने काय करायचे? खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडताना पाटबंधारे खाते जो निरोप देते तो पाहावा : किती वाजल्यापासून, किती क्युसेक, आणि नदीपात्रात उतरू नका, गाड्या काढून घ्या. अलर्टचाही मजकूर तसाच असावा : ‘शार्ड ४ : रात्री २:१० पासून १०० पैकी १०० लेखने अपयशी. ३ पैकी २ प्रती उत्तर देत नाहीत. आधी तपासा : रॅक ब चा स्विच. नोड पुसून नव्याने बसवू नका.’ शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे. अर्धवट झोपेत उरलेली एकमेव चांगली प्रत पुसणारा माणूस भेटतोच. वेळ भारतीय आणि यूटीसी दोन्ही द्यावी, कारण साडेपाच तासांतला तो अर्धा तास लॉग चाळताना हटकून चुकतो.

ऑन-कॉलची पाळी शहर पाहून लावावी. महावितरणची देखभालीची कामे पुण्यात बहुधा गुरुवारी असतात. त्यामुळे पहिला आणि दुसरा माणूस एकाच सोसायटीत, एकाच ब्रॉडबँडवर नसावेत. हिंजवडीतून सुटल्यावर वाकडच्या पुलावर अडकलेल्याचा लॅपटॉप बॅगेतच राहतो. तेवढ्या वेळात निरोप आपोआप पुढच्याकडे गेला पाहिजे. आणि विसर्जनाच्या दिवशी ज्याला अलका चौकात ढोल वाजवायचा आहे, त्याचे नाव त्या आठवड्यात यादीत घालणे हा त्याच्यावरही आणि डेटाबेसवरही अन्याय आहे.

देखरेख करणारी यंत्रणाही मरते, आणि ती मेली की सगळीकडे शांतता पसरते. त्यासाठी सतत वाजत राहणारा एक खोटा अलर्ट ठेवतात. तो बाहेरच्या सेवेकडे जात राहतो आणि थांबला की तीच सेवा फोन करते.

हे सगळे बसवून झाल्यावर दिवसाढवळ्या, सगळे जागेवर असताना, चाचणी घेतात. वरच्या वर्तुळातले नोड १ आणि ४ मुद्दाम बंद करतात : तिकीट यावे, फोन वाजू नये. ते परत आणून, प्रती बरोबरीला आल्यावर, नोड १ आणि २ बंद करतात, आणि ऑन-कॉलच्या फोनकडे पाहत बसतात.