ज्याओझ आणि ग्योझा : एक जेवण, दुसरे तोंडीलावणे

बीजिंगमधल्या एखाद्या खानावळीची पाटी आणि टोकियोतल्या रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सच्या, दुकानाची पाटी शेजारी शेजारी ठेवली, तर दोन्हींवर एकाच पदार्थाचे नाव सापडते. अक्षरे दोन, आणि दोन्हीकडे तीच. चीनमध्ये त्यांतले पहिले अक्षर आता जरा सोप्या वळणाने लिहितात, इतकेच. चिनी माणूस त्यांचा उच्चार ‘ज्याओझ’ असा करतो, जपानी माणूस ‘ग्योझा’ असा. दोन्हीकडे गव्हाच्या पिठाची पारी असते, आत बहुधा डुकराचा खिमा आणि कोबी यांचे सारण असते आणि आकार आपल्या करंजीच्या जवळचा असतो. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत तर या दोघांना, आणि त्यांच्या जोडीने मोमोलाही, ‘डम्पलिंग’ या एकाच शीर्षकाखाली बसवलेले दिसते. ग्योझा म्हणजे तव्यावर भाजलेले ज्याओझ, अशी माझीही बरीच वर्षे समजूत होती. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे, हे दोन्ही देशांत जेवल्यावर कळले. उत्तर चीनमध्ये ज्याओझ हे पूर्ण जेवण असते आणि जपानमध्ये ग्योझा हे तोंडीलावणे असते. पारीची जाडी, शिजवण्याची रीत आणि लसणाची जागा हे फरक बऱ्याच अंशी त्यातूनच आलेले आहेत.

बीजिंगमधल्या एका लहानशा खानावळीत मी पहिल्यांदा ज्याओझ मागवायला गेलो, तेव्हा किती नग हवेत हे बोटांवर दाखवू लागलो. गल्ल्यावरच्या बाईंनी मान हलवली आणि किती ‘ल्यांग’ असे विचारले. ल्यांग हे वजनाचे माप आहे, ५० ग्रॅमचे. गंमत अशी की हे वजन भरलेल्या ज्याओझचे नसून पारीला लागणाऱ्या पिठाचे धरतात. एका ल्यांगमध्ये साधारणपणे पाच-सहा नग बसतात आणि भुकेला माणूस तीन ल्यांग सहज खातो. आपण खानावळीत तीन पोळ्या किंवा दोन भाकऱ्या सांगतो तसेच हे आहे. उत्तर चीन हा गव्हाचा प्रदेश आहे आणि तिथे पोट भरायचे ते पिठाने, सारण त्या पिठाला चव आणण्यासाठी. ज्याओझची पारी जाड का, या प्रश्नाचे उत्तर त्या गल्ल्यावरच्या मापात मिळते.

ही पारी घरी करताना पीठ थंड पाण्यात घट्ट मळून झाकून ठेवतात. मग त्याची लांब वळी करून लहान लहान गोळ्या तोडतात आणि बोटभर जाडीच्या आखूड लाटण्याने एकेक पारी लाटतात. एका हाताने पारी फिरवत राहायची आणि दुसऱ्या हाताने लाटणे फक्त कडेवर चालवायचे, म्हणजे मध्यभाग जाड राहतो आणि कडा पातळ होतात. मोदकाची पारी करणाऱ्या हाताला यामागचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही. फरक एवढाच की उकडीच्या मोदकाला वाफ सोसायची असते, ज्याओझला मात्र खळखळत्या पाण्यात उड्या मारायच्या असतात, म्हणून इथे मैदा चिवट लागतो आणि मुरड पक्की दाबावी लागते. आधणात ज्याओझ सोडले की पाणी पुन्हा उसळते. तेव्हा त्यात थोडे गार पाणी ओतायचे, पुन्हा उसळी आली की पुन्हा ओतायचे, असे तीनदा करण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे पारी न फाटता आतला खिमा शिजतो. शेवटी उरते ते पिठाळ, पांढुरके पाणी. तेही टाकत नाहीत. ज्यात शिजले तेच पाणी प्यायले की खाल्लेले पचते, अशी तिकडची समजूत आहे, आणि माझ्या टेबलावरही न मागता त्याचा एक वाडगा आला. मिठाशिवाय, नुसता गरम. तापात मिळणाऱ्या भाताच्या पेजेची आठवण करून देणारी ती चव मला ज्याओझइतकीच लक्षात राहिली आहे.

असे अन्न सणाला चढले नसते तरच नवल. चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री घरातली सगळी माणसे एकत्र बसून ज्याओझ भरतात, कुठे कुठे एखाद्यात नाणे लपवतात, आणि त्यांचा आकार जुन्या काळच्या सोन्या-रुप्याच्या लगडीसारखा असल्याने ते धनाचे प्रतीक मानतात. ही प्रथा मुख्यतः उत्तरेची. दक्षिणेत त्या रात्री दुसरे पदार्थ असतात. पदार्थाचे वय मात्र खरोखरच मोठे आहे. वायव्य चीनमधल्या तुर्फान शहराजवळच्या आस्ताना येथील थांगकालीन (सातवे ते दहावे शतक) थडग्यांत वाळून दगड झालेले ज्याओझ सापडले आहेत, आणि त्यांचा आकार आजच्यासारखाच आहे.

ग्योझाचा इतिहास त्यामानाने कालपरवाचा आहे. जपानमध्ये हा पदार्थ घरोघरी पोहोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९३२ ते १९४५ या काळात ईशान्य चीनमधले मांचुरिया जपानच्या ताब्यात होते आणि तिथे सैनिकांबरोबरच लाखो जपानी नागरिक स्थायिक झाले होते. पराभवानंतर ही माणसे परतली, तेव्हा बऱ्याच जणांपाशी उपजीविकेचे साधन नव्हते, आणि तिकडे शिकलेला हा स्वस्त पदार्थ त्यांनी गाड्यांवर आणि टपऱ्यांत विकायला घेतला. ‘ग्योझा’ हा उच्चारही ईशान्य चीन आणि शानतुंग भागांतल्या बोलीतून आला असावा असे मानतात.

त्यांनी बरोबर आणली ती मात्र भाजण्याची रीत. तीही चीनचीच आहे. तव्याला चिकटलेले अशा अर्थाच्या ‘ग्वोथ्ये’ या नावाने ती ओळखली जाते. शिवाय रात्रीचे उकडलेले ज्याओझ उरले, तर सकाळी ते तेलावर खरपूस करून खाणे हे उत्तर चीनमधल्या घरांत चालतेच, आपल्याकडे शिळ्या पोळीला फोडणी मिळते त्या न्यायाने. चीनमध्ये जी रीत कडेला होती ती जपानमध्ये मुख्य झाली आणि उकडलेला प्रकार मागे पडला.

टोकियोतल्या एका चिंचोळ्या दुकानात ओट्यासमोर बसून मी ही कृती पाहिली. लोखंडी तव्यावर तेलाचा हात फिरवून आचाऱ्याने ग्योझे एकमेकांना खेटून ओळीत मांडले, थोड्या वेळाने वरून गरम पाणी ओतले आणि झाकण ठेवले. आत वाफेचा गोंगाट सुरू झाला. तो आवाज बदलून चरचर ऐकू येऊ लागताच त्याने झाकण उचलले, कडेने तेलाची धार सोडली आणि मिनिटभराने उलथन्यावर सहाच्या सहा एकदम उचलून बशीत पालथे घातले, म्हणजे तांबूस कुरकुरीत बाजू वर आली. वरचा भाग वाफेने मऊ आणि तळ पापडासारखा, ही दुहेरी चव हेच ग्योझ्याचे वैशिष्ट्य आहे आणि त्यासाठी पारी पातळच हवी. तिकडे ती बहुधा यंत्रावर केलेली, बाजारातून आणलेलीच असते. पाण्यात थोडे पीठ कालवून ओतले की ग्योझ्यांभोवती जाळीदार पापुद्रा धरतो. त्याला ‘पंख’ म्हणतात, आणि हा प्रकार टोकियोच्या कामाता भागातून पसरला.

ती सहा ग्योझ्यांची बशी हे माझे जेवण नव्हते, हे बाजूला भाताचा वाडगा आणि सूप आल्यावर लक्षात आले. जपानमध्ये ग्योझा भाताबरोबर, रामेनबरोबर किंवा बिअरबरोबर खातात. भाताबरोबर ग्योझा हे दृश्य पाहून चिनी पाहुणे थक्क होतात. त्यांच्या दृष्टीने ते पोळीबरोबर पोळी खाण्यासारखे आहे. आपण वडा पावात घालून खाणारी माणसे असल्याने मला त्यात खटकण्यासारखे काही वाटले नाही. पण भात ओढून नेणारे तोंडीलावणे चवीला ठसठशीत असावे लागते, आणि म्हणूनच ग्योझ्याच्या सारणात लसूण सढळ हाताने घातलेला असतो, आले आणि पातही असते. ज्याओझच्या सारणात लसूण सहसा घालत नाहीत. तो ठेचून काळ्या व्हिनेगरमध्ये मिसळतात किंवा कच्च्या पाकळीचा अधूनमधून चावा घेतात. वास आतून आला तर ग्योझा आणि बाजूच्या वाटीतून आला तर ज्याओझ, ही खूण मला आजवर क्वचितच फसवून गेली आहे. ग्योझ्याच्या वाटीत सोया सॉस, तांदळाचे व्हिनेगर आणि तिखट तेलाचे चार थेंब असतात.

जपानी लोकांनी या परक्या पदार्थाला किती आपलेसे केले हे उत्सुनोमियात दिसते. या शहरात चौदाव्या सैन्य विभागाचे ठाणे होते आणि मांचुरियातून परतलेल्या सैनिकांनी तिथे ग्योझा रुजवला, असे सांगतात. स्टेशनाजवळ ग्योझ्याच्या पारीत गुंडाळलेल्या व्हीनसचा दगडी पुतळा आहे. २००८ मध्ये जागा बदलताना तो दुभंगला आणि पुन्हा जोडावा लागला. ग्योझ्यावर दरडोई नव्हे, दर घरामागे सर्वाधिक खर्च कोणते शहर करते, यावरून उत्सुनोमिया आणि हामामात्सु यांच्यात वर्षानुवर्षे चुरस चालली होती, आणि २०२१ मध्ये मियाझाकीने दोघांनाही मागे टाकले. हामामात्सुत ग्योझे वर्तुळाकार मांडून मधे उकडलेले मूगमोड ठेवतात. सरकारी पाहणीत फक्त दुकानातून घरी नेलेले ग्योझे मोजतात, हॉटेलात बसून खाल्लेले किंवा गोठवलेले मोजत नाहीत, त्यामुळे या पहिल्या क्रमांकाला किती महत्त्व द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

शाकाहारी प्रवाशाला मात्र या दोन्हींतला फरक जिभेपेक्षा आधी पोटाला जाणवतो. चीनमध्ये मांसाशिवायच्या सारणाला ‘सू’ म्हणतात आणि ज्याओझच्या खानावळीत असे एखादे सारण बहुधा मिळते. मात्र त्यात अंडे असू शकते, आणि चिनी पातीच्या व अंड्याच्या लोकप्रिय सारणात पुष्कळदा सुकट बारीक करून घातलेली असते, तेव्हा तेवढे विचारून घ्यावे. जपानमध्ये साध्या दुकानात डुकराच्या मांसाशिवाय ग्योझा मिळणे अवघड आहे. सारणात कोबी जास्त दिसतो म्हणून फसू नये, आणि ‘भाजीचा’ असे लिहिलेल्या ग्योझ्यातही चरबी नाही ना, याची चौकशी करावी. अशा दुकानात माझ्या शाकाहारी सोबत्याने शेवटी भात, लोणचे आणि बाजूची वाटी एवढ्यावर भागवले, आणि त्या वाटीतले तिखट तेल भातावर घेऊन तो तक्रार न करता जेवला.